मुलांसाठी वाकायामा : जपानच्या एका प्रांताची गमतीदार माहिती कशी जमवावी आणि कशी सांगावी

मुलांना परदेशाची ओळख करून द्यायची म्हटले की राजधानी, चलन, झेंडा आणि सर्वांत उंच पर्वत हा ठरलेला मजकूर पुढे येतो आणि मुले तो दुसऱ्या दिवशी विसरतात. जपानच्या बाबतीत त्यात बुलेट ट्रेन आणि सुशी यांची भर पडते, इतकेच. याउलट, तिथल्या एका रेल्वे स्थानकात मांजर स्टेशनमास्तर होती, किंवा तिथली एक नदी शाळेच्या व्हरांड्याहून आखूड आहे, असे सांगितले तर तीच मुले घरी जाऊन आजी-आजोबांना प्रश्न विचारून भंडावून सोडतात. अशी माहिती निवडावी कशी, पारखावी कशी आणि आठ ते बारा वर्षांच्या मुलांपुढे तासाभरात मांडावी कशी, याची रीत या लेखात वाकायामा या एकाच प्रांताच्या आधारे दिली आहे. शाळेतील वाचनाचा तास, सुट्टीतील शिबिर, सोसायटीतील बालमेळावा किंवा परदेशातील मराठी शाळेचा वर्ग यांपैकी कोठेही ती वापरता येईल.

पहिली पायरी : देश नको, एक प्रांत निवडावा

जपानमध्ये ४७ प्रांत आहेत. संपूर्ण देश हाती घेतला तर प्रत्येक गोष्ट वरवर सांगून पुढे जावे लागते; एकच प्रांत घेतला तर डोंगर, समुद्र, शेती, देवस्थाने आणि माणसे यांचे परस्परांशी असलेले नाते मुलांना दिसू लागते. वाकायामा हा प्रांत ओसाकाच्या दक्षिणेला, 'की' नावाच्या मोठ्या द्वीपकल्पाच्या पश्चिम आणि दक्षिण भागात पसरलेला आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४,७२५ चौरस किलोमीटर, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षा थोडे कमी आणि गोव्यापेक्षा जास्त आहे. लोकसंख्या नऊ लाखांच्या आसपास आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला दाट जंगलाचे डोंगर आणि मध्ये फळबागा, हे चित्र कोकणातल्या मुलांना चटकन डोळ्यांसमोर आणता येते.

महाराष्ट्राचा या प्रांताशी प्रत्यक्ष संबंधही आहे. २०१३ मध्ये महाराष्ट्र शासन आणि वाकायामा प्रांत यांच्यात सहकार्याचा करार झाला, आणि २०१५ मध्ये तेथील कोयासान या बौद्ध तीर्थक्षेत्रातील कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्याचे अनावरण महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते झाले. मुलांना हे सुरुवातीलाच सांगून टाकू नये. कोयासानची ओळख झाल्यावर ते प्रश्नरूपाने विचारले, तर उत्तर ऐकताना त्यांना खरे आश्चर्य वाटते.

दुसरी पायरी : नकाशा मुलांकडूनच काढून घ्यावा

मोठ्या कार्डशीटवर प्रांताची बाह्यरेषा आधी पेन्सिलीने काढून ठेवावी आणि ठिकाणे मुलांना भरायला लावावीत. वायव्य कोपऱ्यात वाकायामा शहर, ईशान्येला डोंगरावर कोयासान, किनाऱ्याने खाली येताना युआसा, हिरोगावा, मिनाबे, तानाबे आणि शिराहामा, अगदी तळाशी कुशिमोतो आणि पूर्वेकडे वळल्यावर नाची, इतकी नावे पुरेशी आहेत. पुण्यातील मुले असतील तर एक खबरदारी घ्यावी लागते. सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामा येथील बागेच्या धर्तीवर बांधलेले असल्यामुळे 'ओकायामा' हे नाव त्यांच्या कानावरून गेलेले असते आणि ती दोन्ही नावांची हमखास गल्लत करतात. नकाशावर दोन्ही प्रांत एकदा शेजारी-शेजारी दाखवले की हा घोटाळा मिटतो.

नकाशातील पहिली गंमत म्हणजे कितायामा हे गाव. ते वाकायामा प्रांताचा भाग आहे, पण त्याला वाकायामाची सीमा कोठेच लागत नाही. नारा आणि मिए या दोन प्रांतांनी त्याला चारही बाजूंनी वेढले आहे. अख्खे गावच आपल्या प्रांतापासून असे सुटलेले असण्याचे जपानमधील हे एकमेव उदाहरण आहे. त्याचे कारण लाकडात सापडते. कितायामातील लोक डोंगरातील ओंडक्यांचे तराफे बांधून ते नदीतून खाली शिंगू या गावी नेत. पोटापाण्याचा सगळा व्यवहार शिंगूशी होता. एकोणिसाव्या शतकात जुनी संस्थाने मोडून प्रांत आखले गेले, तेव्हा शिंगू वाकायामात गेले आणि कितायामाच्या लोकांनीही त्याच्याबरोबरच राहण्याचा आग्रह धरला. केरळमध्ये असलेले, पण पुदुच्चेरीत मोडणारे माहे हे ठिकाण मोठ्या मुलांना माहीत असेल, तर त्याची आठवण येथे करून द्यावी.

तिसरी पायरी : प्रत्येक गमतीला 'का' जोडावा

माहिती गोळा करताना एका माहितीसाठी एक कार्ड करावे आणि त्यावर तीन ओळी लिहाव्यात : काय आहे, नकाशावर कोठे आहे आणि असे का झाले. तिसरी ओळ रिकामी राहत असेल तर ते कार्ड बाजूला ठेवावे. सुसामी या गावाजवळ समुद्रात १० मीटर खोल एक टपालपेटी आहे, हे ऐकायला मजेशीर आहे, पण पर्यटक आणि पाणबुडे यावेत यापलीकडे त्यामागे फारसे काही नाही; ते एका वाक्यात आटोपते. स्टेशनमास्तर झालेल्या तामा मांजरीचे मात्र तसे नाही.

वाकायामा शहरापासून किशी या गावापर्यंत १४.३ किलोमीटरचा एक छोटा लोहमार्ग आहे. प्रवासी घटत गेल्यामुळे जुन्या कंपनीने तो सोडून दिला आणि २००६ मध्ये नव्या कंपनीने चालवायला घेतला. खर्च वाचवण्यासाठी शेवटच्या किशी स्थानकावर कर्मचारी ठेवणे बंद झाले. स्थानकालगतच्या दुकानात तामा नावाची तीन रंगांची मांजरी राहत असे. मांजरांच्या राहण्याची जागा जाणार असे दिसल्यावर त्यांना स्थानकातच राहू द्यावे, अशी विनंती तिच्या पालकांनी कंपनीच्या अध्यक्षांना केली आणि जानेवारी २००७ मध्ये तामाला थेट स्टेशनमास्तर नेमण्यात आले. तिच्या मापाची टोपी शिवली गेली आणि पगार म्हणून मांजरांचे खाद्य ठरले. तिला पाहायला लोक दुरून येऊ लागले आणि मार्गाला पुन्हा प्रवासी मिळाले. २०१० मध्ये स्थानकाची नवी इमारत उभी राहिली, तिच्या छपराला मांजराचे दोन कान आहेत. तामा २०१५ मध्ये वारली तेव्हा शिंतो या जपानी धर्माच्या पद्धतीने तिचे अंत्यविधी झाले आणि स्थानकाशेजारी तिचे छोटे देवस्थान उभारले गेले. तिच्या जागी नितामा नावाची दुसरी मांजरी रुजू झाली.

ही गोष्ट सांगताना टोपीवर थांबू नये. बंद पडायला आलेला मार्ग लोकांनी कसा वाचवला, हे दहा-बारा वर्षांच्या मुलांना नीट समजते आणि त्यांच्या गावची एसटी किंवा पॅसेंजर गाडी बंद झाली असेल तर ती आपणहून बोलू लागतात. जीवशास्त्राचा एक धागाही येथे मिळतो : काळा, पांढरा आणि नारिंगी असे तीन रंग अंगावर असलेली मांजरे जवळजवळ नेहमी मादीच असतात, कारण काळ्या आणि नारिंगी रंगांची जनुके एक्स गुणसूत्राशी निगडित असतात.

'का' विचारल्यामुळे दोन वेगळ्या गमती एकमेकींना कशा जोडल्या जातात, याचे उत्तम उदाहरण मिनाबे आणि तानाबे परिसरात मिळते. पहिली गंमत उमे या फळाची. ते जर्दाळूच्या कुळातले असून जपानमधील निम्म्याहून अधिक उमे एकट्या वाकायामात पिकते. जूनमध्ये फळे पिकून झाडाखाली अंथरलेल्या जाळ्यांवर पडतात, ती मिठात मुरवतात आणि पावसाळा सरल्यावर काही दिवस उन्हात वाळवतात. तयार झालेली उमेबोशी इतकी खारट आणि आंबट असते की पहिल्यांदा खाणाऱ्याचे डोळे आपोआप मिटतात. दुसरी गंमत बिन्चोतान नावाच्या कोळशाची. आपल्याकडच्या लाकडी कोळशाचे दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर भसकन आवाज येतो, हात काळे होतात आणि बहुधा एक तुकडा फुटतो. बिन्चोतानचे तुकडे मात्र 'टण्ण' असे धातूसारखे वाजतात. त्यांच्यापासून जलतरंगासारखे सुरात वाजणारे वाद्यही करतात. उबामे नावाच्या ओक जातीच्या कठीण लाकडाला भट्टीत कित्येक दिवस मंद आच देतात, शेवटी हवा आत सोडून तापमान १,००० अंश सेल्सिअसच्या वर नेतात आणि लालभडक कोळसा बाहेर ओढून त्यावर माती-राखेचे मिश्रण टाकतात. इतक्या उष्णतेत लाकडातले बाकी सारे निघून जाते आणि घट्ट कार्बन उरतो, म्हणून तो वाजतो.

आता या दोन्हींचा संबंध काय? डोंगरमाथ्यावरचे उबामेचे जंगल कोळशासाठी राखले जाते, ते जंगल माती आणि पाणी धरून ठेवते, त्यातल्या मधमाश्या उतारावरच्या उमेच्या फुलांवर येऊन परागीभवन करतात आणि मग फळ धरते. या संपूर्ण शेतीपद्धतीला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने २०१५ मध्ये जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिली. कोळसा, मधमाशी आणि लोणचे अशी तीन कार्डे मुलांच्या हाती देऊन 'यांचा एकमेकांशी काय संबंध?' एवढेच विचारावे आणि पाच मिनिटे गप्प बसावे. मुले जे तर्क लढवतात ते ऐकण्यासारखे असतात.

चौथी पायरी : सांगण्याआधी पारखून घ्यावे

गमतीची माहिती तीन प्रकारे बिघडते. पहिला प्रकार शिळेपणाचा. शिराहामा येथील अ‍ॅडव्हेंचर वर्ल्ड हे उद्यान पांडांसाठी प्रसिद्ध होते आणि जुन्या पुस्तकांत वाकायामा म्हटले की पांडा आलाच. परंतु तिथले शेवटचे चार पांडा जून २०२५ मध्ये चीनला परत गेले. म्हणून प्रत्येक कार्डाच्या मागे माहिती तपासल्याची तारीख लिहावी.

दुसरा प्रकार 'सर्वांत' या शब्दाचा. नाचीचा धबधबा १३३ मीटर उंच आहे आणि तो जपानमधील सर्वांत उंच धबधबा आहे, असे सर्रास लिहिले जाते. वास्तविक तोयामा प्रांतातील शोम्यो धबधबा त्याहून कितीतरी उंच आहे, फक्त तो टप्प्याटप्प्याने पडतो. एका सरळ धारेत पडणाऱ्या धबधब्यांमध्ये नाची पहिला, असे नेमके सांगावे. याच धबधब्याविषयी एक आख्यायिका आहे, की फार पूर्वी राग्यो नावाचा एक भारतीय भिक्षू जहाज फुटल्यामुळे या किनाऱ्याला लागला आणि नाचीखाली तप करू लागला. ती अवश्य सांगावी, पण आख्यायिका म्हणूनच.

तिसरा प्रकार सर्वांत अवघड, कारण त्यात बिघडलेली गोष्ट खऱ्या गोष्टीपेक्षा अधिक सुबक असते. २४ डिसेंबर १८५४ रोजी हिरो गावात (आजचे हिरोगावा) मोठा भूकंप होऊन त्सुनामी आली. लोकप्रिय कथेत टेकडीवर राहणारा एक म्हातारा समुद्र मागे हटलेला पाहतो, कापून ठेवलेले आपले सारे पीक पेटवून देतो, आग विझवायला सारे गाव वर धावते आणि वाचते. प्रत्यक्षातील हामागुची गोर्यो तेव्हा तरुणच, चौतीस वर्षांचे होते. सोया सॉसचा व्यवसाय असलेल्या घराण्यातले ते गृहस्थ गावात, सखल भागातच होते आणि लाटेच्या तडाख्यातून ते स्वतः जेमतेम निसटले. अंधारात चाचपडणाऱ्या लोकांना उंचावरची वाट दिसावी म्हणून त्यांनी भाताच्या पेंढ्यांच्या गंजी पेटवल्या. पुढचे काम कथेत येत नाही आणि माझ्या मते तेच सांगण्याजोगे आहे : सर्वस्व गमावलेल्या गावकऱ्यांना मजुरी मिळावी आणि पुढची लाटही अडावी, अशा दुहेरी हेतूने त्यांनी स्वतःच्या पैशाने सुमारे ६०० मीटर लांब आणि ५ मीटर उंच बांध बांधून घेतला. त्याला सुमारे चार वर्षे लागली. १९४६ मध्ये पुन्हा त्सुनामी आली तेव्हा त्या बांधाने गावाचा मोठा भाग वाचवला. जपानच्या जुन्या पंचांगाप्रमाणे १८५४ ची ती घटना अकराव्या महिन्याच्या पाचव्या दिवशी घडली, म्हणून संयुक्त राष्ट्रांनी ५ नोव्हेंबर हा जागतिक त्सुनामी जागृती दिन ठरवला आहे. मुलांना आधी कथा आणि मग हकीकत सांगून दोहोंत काय काय बदलले ते शोधायला लावावे.

पाचवी पायरी : आकडे अंगणात आणावेत

मीटरमधला आकडा मुलांच्या डोक्यात ठरत नाही. नाचीजवळची बुत्सुबुत्सु नदी ही अधिकृत नोंद असलेल्या नद्यांमध्ये जपानमधील सर्वांत छोटी असून तिची लांबी १३.५ मीटर आहे. जमिनीतून पाणी बुडबुडत वर येते आणि लगेच दुसऱ्या नदीला मिळते. सुतळी मोजून ती मैदानावर अंथरावी आणि मुलांना 'उगमापासून मुखापर्यंत' चालायला सांगावे. होंगू येथील तोरी, म्हणजे शिंतो देवस्थानाचे प्रवेशद्वार, सुमारे ३४ मीटर उंच आहे. त्यासाठी परिसरातील अकरा मजली इमारत दाखवावी. त्या देवस्थानाचा दूत असलेला तीन पायांचा कावळा जपानच्या फुटबॉल संघटनेच्या बोधचिन्हावर असतो, तेव्हा फुटबॉल पाहणाऱ्या मुलांना सामन्याच्या छायाचित्रात तो शोधायला द्यावा. होंगूजवळच्या युनोमिने गावात गरम पाण्याच्या झऱ्यात जाळीच्या पिशवीतून अंडी सोडून उकडतात, ही माहिती मात्र कोणत्याही साहित्याविना रंगते.

सहावी पायरी : कोयासानसाठी वेगळा वेळ ठेवावा

इ.स. ८१६ मध्ये कूकाई या भिक्षूने कोयासानवर मठाची स्थापना केली. तेथील ओकुनोइन या स्मशानभूमीत उंच देवदारांसारख्या वृक्षांतून सुमारे दोन किलोमीटरची वाट जाते आणि दोन लाखांहून अधिक समाधिशिळा आहेत. कूकाई मरण पावले नसून ध्यानस्थ आहेत, अशी तिथली श्रद्धा असल्यामुळे त्यांना रोज दोन वेळा जेवण नेले जाते. कंपन्यांनी आपल्या दिवंगत कर्मचाऱ्यांसाठी उभारलेल्या स्मारकांत एक अग्निबाणाच्या आकाराचे आहे, आणि कीटकनाशनाचे काम करणाऱ्यांच्या संघटनेने मारल्या गेलेल्या वाळवीसाठीही एक स्मारक उभारले आहे. मुले हसतात, हसू द्यावे, पण हे स्मशान आहे याची जाणीवही द्यावी.

मराठी मुलांसाठी खरा ठेवा येथील दगडांवर आहे. पाच आकार एकावर एक रचलेली समाधी येथे जागोजागी दिसते : तळाशी चौकोन, मग गोल, त्रिकोण, अर्धचंद्र आणि टोकाला मण्यासारखा आकार. पृथ्वी, जल, अग्नी, वायू आणि आकाश यांची ती चिन्हे आहेत आणि त्यांवर खालून वर अनुक्रमे अ, व, र, ह, ख ही अक्षरे सिद्धम् लिपीत कोरलेली असतात. सिद्धम् आणि देवनागरी या दोन्ही लिपी ब्राह्मीपासून निघालेल्या आहेत. रंगीत कागदाचे पाच आकार कापून घ्यावेत, मुलांना त्यांवर देवनागरी अक्षरे लिहायला लावावीत आणि नंतर सिद्धम् अक्षरांचे छायाचित्र शेजारी धरावे. काही अक्षरांत ओळखीचे वळण दिसते, काहींत अजिबात दिसत नाही. दोन्ही मुलांनाच शोधू द्यावे. आंबेडकरांच्या पुतळ्याचा प्रश्न विचारण्याची जागा हीच.

सातवी पायरी : प्रश्न असे लिहावेत की चुकायलाही मजा यावी

पर्यायी उत्तरे हास्यास्पद असली की खरे उत्तर उघडे पडते. वाकायामात जन्मलेले निसर्ग अभ्यासक मिनाकाता कुमागुसु यांनी १९२९ मध्ये जपानच्या सम्राटांना स्लाइम मोल्ड या बुरशीसारख्या दिसणाऱ्या जीवांचे नमुने भेट दिले. ते कशातून दिले, या प्रश्नाला चंदनाची पेटी, काचेच्या बरण्या, कॅरमेल गोळ्यांची खोकी आणि रेशमी थैल्या असे पर्याय द्यावेत. उत्तर कॅरमेलची खोकी असे आहे आणि बहुतेक मोठी माणसेही चुकतात. असाच दुसरा प्रश्न शल्यविशारद हानाओका सेइशू यांच्याविषयी करता येतो. त्यांनी १८०४ मध्ये रुग्णाला संपूर्ण भूल देऊन स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया केली, ती ईथरने भूल देण्याच्या प्रसिद्ध प्रयोगाच्या चार दशके आधी. त्यांच्या औषधातील मुख्य वनस्पती कोणती? उत्तर आहे धोतरा, जो आपल्याकडे रस्त्याच्या कडेला उगवतो. उत्तर सांगतानाच धोतरा विषारी असून त्याला तोंड लावायचे नाही, हे ठणकावून सांगावे.

आठवी पायरी : क्रम, चव आणि अवघड विषय

तासाभरात दहा-बारा कार्डांपेक्षा अधिक घेऊ नयेत. तामाने सुरुवात करावी, मग नकाशा, मग मैदानावरची नदी. मुले बाहेरून धापा टाकत आली की हिरोगावाची कथा बसून ऐकवावी, त्यानंतर कागदी समाधी आणि शेवटी प्रश्नमंजूषा. उमेबोशी मिळाली तर लहानसा तुकडा भाताबरोबर द्यावा. न मिळाल्यास मिठात मुरलेल्या लिंबाची फोड चालते, मात्र ती उमेबोशी नाही हे सांगून.

ताइजी हे गाव देवमाशांच्या शिकारीसाठी ओळखले जाते आणि तेथील डॉल्फिनच्या शिकारीवर जगभर टीका होते. हा विषय आपणहून गंमत म्हणून काढू नये, पण एखाद्या मुलाने विचारले तर टाळूही नये. तिथे शेकडो वर्षांची परंपरा आहे, अनेकांना ती आज अमान्य आहे आणि वाद सुरू आहे, इतके सरळ सांगावे. संकटाची गोष्ट हवीच असेल तर कुशिमोतोजवळची घ्यावी. १८९० मध्ये एर्तुग्रुल हे तुर्की जहाज तेथे वादळात फुटले आणि पाचशेहून अधिक माणसे बुडाली. वाचलेल्या ६९ जणांना बेटावरच्या गरीब गावकऱ्यांनी आपल्या घरातले अन्न आणि कपडे दिले. १९८५ मध्ये इराण-इराक युद्धात तेहरानमध्ये अडकलेल्या दोनशेहून अधिक जपानी नागरिकांना तुर्कस्तानच्या विमानांनी बाहेर काढले, तेव्हा तुर्कस्तानात या जुन्या उपकाराची आठवण काढली गेली. लहान गटाला बुडालेल्यांची संख्या सांगू नये. मोठ्या गटाला दोन्ही वर्षे फळ्यावर लिहून मधल्या वर्षांची वजाबाकी करायला लावावी.